दहा मीटरला एक किलो

“ताई, टाकी कुठंय तुमची?”

फ्रीज बघायला आलेल्या माणसाने उंबऱ्यातच हे विचारलं. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, कारण मला वाटलं ते फ्रीजच विचारताहेत. त्यांनी मान हलवली आणि बोट वर केलं. “पाण्याची टाकी. गच्चीवर जायला वाट कुठनं आहे?”

मे महिन्याचा दुसरा आठवडा. आमच्या दोन दारांच्या फ्रीजला दारातच पाणी आणि बर्फ देणारा जो कोनाडा असतो, ज्याला सगळे डिस्पेन्सर म्हणतात, तो महिनाभर कुरकुरत होता. पेला टेकवला की आतून घुंऽ असा आवाज यायचा आणि पाणी सुतासारखं गळायचं. बर्फ तर आठ दिवसांपासून बंदच. कंपनीचा माणूस येऊन गेला होता. दहा मिनिटांत ‘बोर्ड गेलाय’ म्हणाला आणि नऊ हजारांचा आकडा कागदावर लिहून देऊन गेला. तो कागद मी फ्रीजवरच चुंबकाखाली लावून ठेवला होता. काकांनी तो वाचला. (आमच्या भागात त्यांना सगळे काकाच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव.) वाचून काही बोलले नाहीत, गच्चीची किल्ली मागितली.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, आणि पाचवा हाच शेवटचा. गच्चीवर चार बुटक्या खांबांवर सिमेंटची टाकी आहे. काकांनी टाकीच्या तळाला हात लावला, कठड्यावरून वाकून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पाहिली आणि मनाशी हिशोब केला. “टाकीचा तळ गच्चीपासून दोन मीटर. गच्चीपासून तुमची फरशी तीन मीटर. झाले पाच. टाकी भरलेली असेल तेव्हा सहा धरा. म्हणजे अर्धा किलो, फार तर थोडा वर.” जिना उतरताना ते म्हणाले, “दहा मीटरला एक किलो. एवढं ध्यानात ठेवलंत तरी या फ्रीजची निम्मी दुरुस्ती कळली.”

किलो म्हणजे दाब. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन ठेवल्यावर जेवढा पडेल तेवढा. पाण्याचा उभा स्तंभ दहा मीटर उंच असला की त्याच्या तळाशी एवढा दाब येतो. पाइप जाड असो की बारीक, टाकी पाचशे लिटरची असो की पन्नास हजारांची, त्याने काही बिघडत नाही. उंची तेवढी मोजायची. काकांच्या पिशवीत छोटं घड्याळ होतं, नळाला लावायचं प्रेशर गेज. ते त्यांनी फ्रीजमागच्या कॉकला जोडलं. काटा अर्ध्याच्या जरासा पुढे जाऊन थांबला.

मग मी फ्रीजची पुस्तिका शोधून काढली. ती आजवर कधी उघडलीच नव्हती. पाण्याच्या जोडणीच्या पानावर लहान अक्षरांत दाब दिला होता : किमान २०, कमाल १२० पीएसआय. वीस पीएसआय म्हणजे काकांच्या भाषेत एक किलो चारशे. म्हणजे चौदा मीटर उंचीचं पाणी. म्हणजे डोक्यावर साडेचार-पाच मजले हवेत, मग टाकी. काही कंपन्या तर किमान दाब याहून जास्त सांगतात. आमच्या इमारतीत तळमजल्याच्या बिऱ्हाडात हाच फ्रीज सुरळीत चालला असता. आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून अर्धपोटी होता आणि दोन वर्षांनी थकला.

दुकानात आम्हाला रंग विचारला होता, दाराला काच हवी की पत्रा हवा ते विचारलं होतं, हप्ते किती महिन्यांचे ते विचारलं होतं. कितव्या मजल्यावर राहता, हे कोणी विचारलं नव्हतं.

---

त्या दिवसानंतर मी महिनाभर काकांच्या मागे हिंडले. आठवड्यातून दोन-तीनदा, त्यांच्या स्कूटरमागे माझी स्कूटर. काका साताऱ्याकडचे. आयटीआयतून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड करून ते पुण्यात आले. तेव्हा फ्रीज म्हणजे एक दार, आत एक दिवा आणि वर बर्फाचा कप्पा. त्यांच्या हाताखाली भाचा शिकतो. काका त्याला पाना नंतर देतात, आधी प्रश्न विचारायला लावतात. पहिला प्रश्न ठरलेला : “पाणी बंद, बर्फ बंद, की दोन्ही बंद?”

दोन्ही बंद असेल तर बिघाड दोघांच्या वाटेत कुठेतरी अलीकडे आहे. कॉक बंद असेल, फिल्टर तुंबला असेल, मागची नळी फ्रीज भिंतीला सरकवताना दुमडली असेल. दाराचा बारका स्विच दबत नसेल तरी दोन्ही थांबतात, कारण दार उघडं आहे असं फ्रीजला वाटलं की तो कोनाड्यात काही सोडत नाही. फक्त पाणी बंद असेल तर दारातली नळी गोठली असण्याची शक्यता मोठी. फक्त बर्फ बंद असेल तर बर्फाच्या यंत्रावरची दांडी वर अडकली आहे का ते बघायचं. बर्फाचा डबा भरला की ही दांडी वर उचलली जाते आणि यंत्र थांबतं. कोणी घाईत गोठवलेल्या मटारची पिशवी आत कोंबली तरी ती वर जाते, आणि यंत्र डबा भरला असं समजून थांबून राहतं.

दुसरं काम ऐकण्याचं. पेला टेकवल्यावर मागून घुंऽ आवाज आला तर वीज व्हॉल्व्हपर्यंत पोचते आहे; पाणीच नाही किंवा वाट बुजली आहे. आवाजच नसेल तर स्विच, वायर किंवा व्हॉल्व्हची कॉइल. “आवाज आला तर बोर्ड गेला म्हणायचं नाही,” काका भाच्याला सांगत होते. “बोर्डानंच तर तो आवाज काढायला लावला.”

आमच्या फ्रीजचा तो घुंऽ आवाज महिनाभर रोज हेच सांगत होता. ऐकणारं कोणी नव्हतं.

---

पण मला एक कोडं सुटत नव्हतं. दाब कमी म्हणून पाण्याची धार बारीक, हे समजलं. बर्फ पूर्ण बंद का पडावा? बारीक धारेने ट्रे उशिरा भरेल, पण भरेल तरी.

काकांनी एका संध्याकाळी त्यांच्या टपरीवजा दुकानात वर्तमानपत्र अंथरलं आणि जुना, निकामी इनलेट व्हॉल्व्ह त्यावर उघडला. हाच व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या मागे असतो, फक्त तो जरा मोठा. चार स्क्रू, एक तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या पोटात स्प्रिंगवर बसलेली लोखंडी कांडी. आणि सगळ्यात खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, रबराची चकती. माझं लक्ष त्या चकतीने धरून ठेवलं. तिला दोन भोकं होती. एक बरोबर मध्यभागी. दुसरं कडेला, इतकं बारीक की काकांनी चकती दिव्यासमोर धरली तेव्हा उजेडाचा कण दिसला म्हणून ते कळलं.

मी समजत होते की वीज बंद झाली की स्प्रिंग ही चकती दाबून पाणी बंद करते. तसं नाही. स्प्रिंग अगदी नाजूक आहे. ती फक्त कांडी मधल्या भोकावर टेकवते. चकतीला खाली दाबून धरतं ते पाणीच. कडेच्या सुईएवढ्या भोकातून पाणी चकतीच्या वर शिरतं, वरची जागा भरते आणि आलेल्या पाण्याचाच दाब चकतीला खाली बसवतो. वीज आली की कांडी उचलली जाते, मधलं भोक मोकळं होतं, वरचं पाणी निसटतं, चकती उचलली जाते आणि धार सुटते. पाण्यानेच पाणी अडवायचं आणि पाण्यानेच सोडायचं. वीज फक्त एका टाचणीएवढ्या भोकाची राखण करते. हे ज्याने पहिल्यांदा जमवलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला.

आता आमचा अर्धा किलो दाब त्या चकतीवर ठेवून बघा. उघडायला तो कसाबसा पुरतो. पण बंद करायला? चकती बसते खरी, घट्ट बसत नाही. कडेने एखादा थेंब झिरपत राहतो. हा थेंब बर्फाच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळीत उतरतो. ती नळी मागच्या बाजूने फ्रीझरमध्ये शिरते आणि तिचं तोंड उणे अठरा अंशात उघडतं. नेहमी पाणी एकदम, सात-आठ सेकंदांत, भसकन येऊन ट्रेमध्ये पडतं. नळीत थांबत नाही, म्हणून गोठत नाही. हा एकटा थेंब मात्र तोंडाशी रेंगाळतो आणि तिथेच बर्फ होतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. तीन-चार दिवसांत नळीच्या तोंडात पेन्सिलीच्या जाडीची बर्फाची काडी बसते. मग बोर्ड वेळेवर इशारा देतो, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी येतं आणि बंद दारावर धडकून परत फिरतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी आमच्या फ्रीजची ती नळी सोडवून आणली. पांढरी, मऊ. बोटांनी दाबल्यावर आतला बर्फ करकरला. त्यांनी ती कोमट पाण्याच्या वाटीत धरली आणि अर्ध्या मिनिटात बोटभर लांबीची, काचेसारखी काडी बाहेर घसरली. नऊ हजारांचं निदान ते एवढं होतं. सासूबाईंनी ती काडी तळहातावर घेतली आणि वितळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

---

बर्फाशी आमच्या शहरांचा संबंध जुना आहे आणि तो समुद्रावरून आला आहे. १२ मे १८३३ या दिवशी बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं. हा बर्फ तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात कापलेला. तो फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा उद्योग. चार महिन्यांनी जहाज कोलकात्याला लागलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर बांधलं गेलं. यंत्राचा बर्फ आल्यावर हा सगळा व्यापार विरून गेला.

मला राहून राहून वाटतं की दारातून पाणी देणारा फ्रीजही तसाच आला. फ्रीज आता इथेच होतात. पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालं की रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रीजचे मोठे कारखाने लागतात. गावाच्या नावातच रांजण आहे आणि गावात गार पाण्याची यंत्रं बनतात, याचा मला दर वेळी आनंद होतो. पण या फ्रीजच्या पोटात एक गृहीतक आहे, ते तिकडचं, अमेरिकेचं आहे. तिकडे घरातला नळ थेट गावाच्या जलवाहिनीला जोडलेला असतो, पाइपात चोवीस तास तीन-चार किलो दाब असतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे फ्रीजचं पाणी पेल्यात उसळतं. आपल्याकडे नगरपालिकेचं पाणी ठरावीक तास येतं, ते जमिनीखालच्या टाकीत साठतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून स्वतःच्या वजनाने खाली येतं. आपला दाब म्हणजे आपल्या डोक्यावरचे मजले. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर मजलेच नाहीत.

उलटी गोष्टही आहे. मुंबईत तीस-तीस मजली इमारती आहेत. नव्वद मीटर उंचीचं पाणी सरळ खाली सोडलं तर पहिल्या मजल्यावर नऊ किलो दाब पडेल. तो १२० पीएसआयच्या वर जातो. म्हणून अशा इमारतींत मध्येमध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. ते बिघडले की खालच्या घरात नळ्या सुटतात. एकाच इमारतीत वरच्याचा फ्रीज तहानलेला आणि खालच्याचा उतू जाणारा, असं होऊ शकतं, आणि दोन्ही ठिकाणी फ्रीजचा दोष नसतो.

२०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग यांची वाट ग्राहकाला दाखवावी हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. माझं मागणं त्याहून साधं आहे. पीएसआयचा आकडा पुस्तिकेच्या पोटात असतो, तो खोक्यावर यावा, आणि मराठीत, मजल्यांत यावा : ‘गच्चीवरच्या टाकीखाली किमान पाच मजले नसतील तर पंप लागेल.’ एवढं एक वाक्य छापलं असतं तर आमचे चार पैसे आणि एक उन्हाळा वाचला असता. आणि पंपाची किंमत धरून तो फ्रीज घ्यायचा की नाही हे आम्ही आधीच ठरवलं असतं.

---

सदाशिव पेठेतल्या एका आजींकडे आम्ही गेलो ती दुपार मला सगळ्यात जास्त आठवते.

त्यांचा फ्रीज लहान, पाइपाची जोडणी नसलेला. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चार-एक लिटरची टाकी, ती हाताने भरायची. बाहेरून पेला टेकवला की दांडी दबते, छोटी झडप उघडते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. याला ना बोर्ड लागतो ना दाब. वीज गेली तरी पाणी मिळतं. आपल्या घरांना हा प्रकार जास्त शोभतो असं माझं मत झालं आहे. तर आजींची तक्रार अशी की कोनाड्यातून पाणी थेंबथेंब गळत राहतं, रात्रीत खालची ताटली भरते.

काकांनी टाकी दारातून उचलली. तिच्या बुडाशी पांढऱ्या प्लास्टिकची खुंटी, तिच्यावर रबराची कडी आणि बारीक स्प्रिंग. त्यांनी खुंटी फिरवून काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि नखाने कडीखालून काहीतरी ओढलं. तपकिरी, केसासारखं, मधोमध दुमडलेलं. वास घेतला आणि माझ्यापुढे धरलं. वाळा.

“आजी, टाकीत वाळा टाकता?”

“मग? उन्हाळ्यात नको टाकायला? माठात नाही का टाकत? वाळा आणि चार मोगऱ्याच्या कळ्या.” आजींचा आवाज जरा उतरला. “माठ फुटला अन् मुलानं हे आणून ठेवलं. नुसतं गार आहे हो ते पाणी. त्याला काही चव नाही.”

त्या एका मुळीने कडी आणि भोक यांच्यात केसाएवढी फट ठेवली होती. त्या फटीतून रात्रभर पाणी जात होतं. काकांनी टाकी व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुतली. बुडाशी आणि कोपऱ्यांत बोट फिरवल्यावर बुळबुळीत थर लागत होता. गार पाण्याच्या टाकीत असं होतंच. आठवड्यातून एकदा ती घासायची असते, पण ‘फ्रीजमधलं खराब होत नाही’ अशा विश्वासाने कोणी ती घासत नाही. मग त्यांनी आजींकडून मलमलचा तुकडा मागितला, वाळ्याची जुडी त्यात बांधली, गाठ घट्ट केली आणि पुरचुंडी टाकीत सोडली. “आता गंध येईल, मुळी येणार नाही. दर दोन दिवसांनी पुरचुंडी काढून वाळवायची. मोगरा मात्र पेल्यात टाका, टाकीत नको.” आजींनी आम्हाला त्याच टाकीतलं पाणी दिलं. काकांनी शंभर रुपये घेतले.

---

बाकी घरं सांगायची तर झरझर सांगता येतील. एका बंगल्यात फ्रीजच्या पटलावर कुलपाचं चिन्ह पेटलेलं होतं. नातवाने बटण दाबून धरल्यामुळे लॉक लागलं होतं. तेच बटण तीन सेकंद दाबल्यावर सुटलं. कोथरूडला एका घरी बर्फ छान पडत होता, पाणी नव्हतं. फ्रीझर उणे तेवीसवर ठेवलेला. अशा फ्रीजमध्ये पाण्याची नळी फ्रीझरच्याच दारातून येते. फ्रीझर गरजेपेक्षा थंड ठेवला, किंवा दिवसेंदिवस कोणी पाणीच घेतलं नाही, की दारातलं पाणी गोठतं. काकांनी केस वाळवायचं यंत्र मागवलं, मंद वाऱ्यावर दार शेकलं, नळीत इंजेक्शनच्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं आणि फ्रीझर उणे अठरावर आणला. यजमानांनी बर्फ खरवडायला सुरी आणली होती, ती काकांनी त्यांच्या हातातून काढून घेतली. आताच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा वायू असतो. तो ज्वलनशील आहे. सुरीचं टोक नळीला लागलं तर फ्रीज तर जातोच, आणि स्वयंपाकघरात गॅस पसरतो. पूर्वीच्या फ्रीझरमध्ये सुरी चालवून किती घरांनी फ्रीज घालवले, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फिल्टरबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तिथे गैरसमज मोठा आहे. फ्रीजच्या पाण्याचा फिल्टर कोळशाचा असतो. तो क्लोरीनचा वास, रंग, गाळ धरतो. विरघळलेले क्षार तो अडवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं म्हटलं आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी हजाराच्या घरात असेल तर ते फिल्टरमधून तसंच पलीकडे जातं. अशा पाण्याचा बर्फ वितळला की पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते. लोक घाबरतात, फ्रीजमधून प्लास्टिक सुटतंय असं समजतात. तो चुना. पाणी गोठताना क्षारांना बाजूला सारत जातं. ते मध्यभागी गोळा होतात, म्हणून खड्याचं पोट पांढरट दिसतं. त्याने अपाय नाही.

बाणेरच्या एका सोसायटीत मी काढलेला फिल्टर हातात घेतला. सहा महिने टिकायचा, दोन महिन्यांत चहाच्या गाळासारखा झाला होता. उन्हाळाभर तिथे टँकर. काकांनी फिल्टरच्या जागी कोरी टोपी लावून पाहिली, धार लगेच मोकळी झाली. नवा महागडा फिल्टर त्यांनी घालू दिला नाही. आधी कॉकपाशी पाच मायक्रॉनचा साधा गाळणारा फिल्टर बसवला, मग आतला. नवा फिल्टर बसल्यावर आठ-दहा लिटर पाणी सोडून द्यायचं असतं. हवा निघते, कोळशाची काळी भुकटी निघते. ते पाणी त्यांनी बादलीत धरून बाल्कनीतल्या कुंड्यांना घातलं.

बरेच जण हुशारी म्हणून भिंतीवरच्या आरओची नळी फ्रीजला जोडतात. पाणी शुद्ध, पण आरओची साठवण टाकी ओट्यावर मीटरभर उंच. म्हणजे शंभर ग्रॅम दाब. त्यात चकती हलतही नाही.

पाण्याची जोडणी असलेल्या फ्रीजचं दुसरं भय गळतीचं. मागची नळी पाव इंची, प्लास्टिकची. ती उंदीर कुरतडतात. न्यू जर्सीच्या मावसबहिणीकडे उंदीर नव्हते, नळीचा जोड सुटला. ती दिवाळीला इथे आली होती. परत गेली तेव्हा लाकडी जमीन फुगून वर आलेली. तिकडचा दाब जसा पेला भरतो तसाच घरही भरतो.

---

आमच्या फ्रीजला शेवटी काय केलं? काकांनी कॉकनंतर गाळणारा फिल्टर, त्यानंतर आरओत असतो तसला चोवीस व्होल्टचा छोटा पंप, दाबाचा स्विच आणि हाताच्या ओंजळीत मावेल अशी हवेची टाकी बसवली. पेला टेकवला की दाब उतरतो, पंप सुरू होतो. पेला काढला की दाब चढतो, पंप थांबतो. गेज पुन्हा लावलं. काटा पावणेतीन किलोवर स्थिर. व्हॉल्व्हची चकती त्यांनी उघडून धुतली, कडेच्या भोकातला वाळूचा कण काढला आणि तीच परत बसवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं झालं. पैसे झाले नऊ हजारांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. जुना बोर्ड तसाच आहे, आजही.

सासूबाई त्या सगळ्या वेळात स्टूल घेऊन बसून होत्या. घरच्या बर्फाचा आग्रह त्यांचाच. नातवाला गोळा आवडतो आणि हातगाडीवरच्या बर्फावर त्यांचा विश्वास नाही. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, तेव्हा त्यांनी ती बातमी कापून ठेवली होती. आता कोकमाचं सरबत त्यांनी आधीच करून बाटलीत भरून ठेवलं.

“आज बर्फ नाही पडणार, आजी,” काका म्हणाले. “नळी, साचा सगळं गार व्हायला वेळ लागतो. उद्या पडेल. पहिले दोन-तीन घाणे टाकून द्या, नळीतला जुना वास असतो त्यात.” मग त्यांनी मला यंत्र दाखवलं. साच्यात पाणी पडतं, साचा उणे नऊ-दहा अंशांवर आला की यंत्राला कळतं की आतपर्यंत गोठलं. काही फ्रीजमध्ये मग साचा खालून क्षणभर तापवतात आणि दांडा फिरून खडे ढकलतो. आमच्यात प्लास्टिकचा ट्रे पिळला जातो आणि खडे सुटून पडतात.

पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात करकर आवाज झाला आणि पाठोपाठ डब्यात खडे सांडल्याचा. मी उठले तर सासूबाई माझ्याआधीच तिथे उभ्या होत्या, दिवा न लावता.

सकाळी काकांचा फोन आला.

“पेला किती सेकंदांत भरतो?”

मी घड्याळ लावून भरला. “नऊ.”

“बरोबर. आणि ताई, गावाला निघालात की मागचा कॉक बंद करायचा. पंपाचं बटणही.”